नऊ फेऱ्यांत सहा गुण, तरी रेटिंग ३३ने खाली: हिशेब नेमका कसा होतो?

एका पालकाचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा तेरा वर्षांचा, बुद्धिबळ खेळतो, फिडेचं (जागतिक बुद्धिबळ महासंघाचं) क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावांचं, रेटिंग १६२०. नऊ फेऱ्यांच्या खुल्या स्पर्धेत त्याने सहा गुण केले, वयोगटातलं बक्षीसही मिळालं. पुढच्या यादीत मात्र रेटिंग १५८७. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर तोच मुलगा १९००च्या वर आहे. हिशेब चुकला का, खरं रेटिंग कोणतं, आणि ही पद्धत चालते तरी कशी? सोबत नऊ फेऱ्यांचे निकाल दिले आहेत.

हिशेब चुकलेला नाही. निकाल मांडले की उणे ३३.२ येतात आणि १६२० मधून ते वजा केले की पूर्णांकात १५८७.

घोटाळा होतो तो रेटिंगकडे पासबुकातल्या शिलकीसारखं बघितल्यामुळे. जिंकलो की जमा, हरलो की नावे. ही पद्धत तशी बांधलेलीच नाही. रेटिंग हे भाकीत आहे. १६२० हा आकडा सांगतो की १४५०च्या खेळाडूशी हा मुलगा शंभर डाव खेळला तर साधारण ७२ गुण घेईल. स्पर्धा संपल्यावर एवढंच तपासलं जातं, की भाकीत किती चुकलं आणि कुठल्या बाजूला. तेवढ्या प्रमाणात आकडा हलवायचा. सूत्र एका ओळीचं: नवं रेटिंग म्हणजे जुनं रेटिंग, अधिक के गुणिले (प्रत्यक्ष गुण वजा अपेक्षित गुण). 'के' म्हणजे चुकीला किती वजन द्यायचं तो आकडा. तुमच्या मुलासाठी तो ४० आहे, का ते पुढे सांगतो.

आता फेऱ्या घेऊ.

पहिली: अनरेटेड (अजून रेटिंग नसलेल्या) खेळाडूवर विजय. हिशेबात धरत नाहीत.
दुसरी: १४५०वर विजय. फरक १७०, अपेक्षित ०.७२, मिळाला १. बदल +११.२.
तिसरी: १८९०कडून हार. फरक उणे २७०, अपेक्षित ०.१७, मिळाले ०. बदल −६.८.
चौथी: १४३५शी बरोबरी. अपेक्षित ०.७४, मिळाला अर्धा. बदल −९.६.
पाचवी: १४८०वर विजय. अपेक्षित ०.६९. बदल +१२.४.
सहावी: प्रतिस्पर्धी आलाच नाही. गुणतक्त्यात एक गुण, रेटिंगमध्ये काही नाही.
सातवी: १४२५शी बरोबरी. अपेक्षित ०.७५. बदल −१०.
आठवी: १४१५कडून हार. अपेक्षित ०.७६. बदल −३०.४.
नववी: अनरेटेडवर विजय. पुन्हा शून्य.

म्हणजे गुणतक्त्यात नऊपैकी सहा, पण रेटिंगच्या खात्यात सहा डावांत तीन. अपेक्षा ३.८३ची होती. तूट ०.८३, गुणिले ४०, म्हणून उणे ३३.२. या सहा प्रतिस्पर्ध्यांची सरासरी १५१६ आणि गुण निम्मे, त्यामुळे या स्पर्धेपुरता त्याचा परफॉर्मन्स, म्हणजे एवढ्याच डावांवरून निघणारं रेटिंग, १५१६.

घरी बहुतेक वेळा चर्चा तिसऱ्या फेरीची होते, कारण तिथे पहिली हार झाली. तिची किंमत जेमतेम सात गुण. दोन बरोबऱ्यांनी मिळून जवळपास वीस नेले आणि आठव्या फेरीने एकटीने तीस. 'ड्रॉ तर ड्रॉ, अर्धा गुण मिळाला' हे वाक्य दोनशे गुणांनी खाली असलेल्या खेळाडूसमोर महाग पडतं.

अपेक्षित गुण येतात कुठून? फिडेचा तक्ता आहे. त्यातले सात आकडे पाठ केले की पटाशेजारी उभं राहून अंदाज बांधता येतो. रेटिंग समान असेल तर ०.५०, ५०च्या फरकाला ०.५७, १००ला ०.६४, १५०ला ०.७०, २००ला ०.७६, ३००ला ०.८५ आणि ४००ला ०.९२. कमी रेटिंगवाल्याची अपेक्षा म्हणजे १ वजा हा आकडा. यात विजयाची शक्यता आणि बरोबरीची अर्धी शक्यता एकत्र आहे, ०.७६ म्हणजे ७६ टक्के वेळा जिंकणार असं नव्हे.

तक्त्यामागचा माणूस अर्पाड एलो. जन्म हंगेरीतला, नोकरी अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्केट (Marquette) विद्यापीठात, विषय भौतिकशास्त्र. (स्पर्धेच्या पत्रकांवर 'ई. एल. ओ.' असं ठिपके देऊन छापू नये. ते संक्षिप्त रूप नाही, आडनाव आहे.) अमेरिकन बुद्धिबळ महासंघाने त्याची पद्धत १९६० मध्ये स्वीकारली, फिडेने १९७० मध्ये. एलोचं गृहीतक साधं होतं: खेळाडूची एका दिवसाची कामगिरी त्याच्या सरासरीभोवती वरखाली होते आणि त्या हेलकाव्याचं प्रमाण विचलन (सरासरीपासून साधारण किती दूर जातो त्याचं माप) २०० गुण मानायचं. हा २०० निसर्गाने दिलेला नाही. अमेरिकेत आधीच्या पद्धतीत खेळाडूंचे वर्ग २०० गुणांच्या अंतराने पाडलेले होते. लोकांना सवयीचा आकडा त्याने ठेवला.

फिडेचा तक्ता अजूनही एलोच्या त्या गृहीतकातून येणाऱ्या घंटाकृती वक्रावर उभा आहे. अमेरिकन महासंघ आणि ऑनलाइन मंडळी दुसरं सूत्र वापरतात: समोरच्याचं रेटिंग वजा आपलं, त्याला ४००ने भागा, तो १०चा घातांक करा, त्यात १ मिळवा आणि १ला त्या बेरजेने भागा. दोनशेच्या फरकाला दोन्हींचं उत्तर ०.७६ येतं. चारशेला तक्ता ०.९२ म्हणतो, सूत्र ०.९१. सहाशेला वक्र ०.९८ आणि सूत्र ०.९७. किरकोळ वाटेल, पण दुर्बळ खेळाडू किती वेळा धक्का देतो हे त्या शेवटच्या दोन-तीन टक्क्यांतच लपलेलं असतं. दोन्ही पद्धती एक गोष्ट मात्र धरतच नाहीत: पांढरी मोहरी. पांढऱ्याला एकंदरीत ५४-५५ टक्के गुण मिळतात, म्हणजे सुमारे ३५ रेटिंग गुणांचा फायदा. नऊ फेऱ्यांत पाच-चार अशी रंगांची वाटणी होते म्हणून तो सोडून देतात.

मोठ्या फरकाला फिडेने पूर्वीपासून मर्यादा घातली आहे: फरक ४००हून जास्त असला तरी ४००च धरायचा. त्यामुळे के १० असलेल्या बलाढ्य खेळाडूला हजार गुणांनी खालच्या खेळाडूला हरवूनही ०.८ गुण मिळतात. दिसायला चिल्लर, पण असे शंभर विजय म्हणजे ८० गुण. ही फट काही जणांनी रीतसर वापरली, म्हणून ऑक्टोबर २०२५ पासून २६५० आणि त्यावरच्या खेळाडूंसाठी ही सवलत काढून प्रत्यक्ष फरक धरायला सुरुवात झाली.

आता के. फिडेत क्लासिकलसाठी तो असा ठरतो. यादीत नव्याने आलेल्याला ३० डाव पूर्ण होईपर्यंत ४०. अठरावा वाढदिवस ज्या वर्षी येतो त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत, रेटिंग २३००च्या खाली असेल तर, ४०. बाकीच्यांना २४००च्या खाली २०. एकदा प्रकाशित रेटिंग २४०० झालं की १०, आणि नंतर कितीही घसरलं तरी १०च.

एक नियम पालकांना सहसा ठाऊक नसतो. एका महिन्याच्या यादीत के गुणिले डावांची संख्या ७००च्या वर जाऊ देत नाहीत; जात असेल तर केच कमी करतात. के ४० असलेल्या मुलाचे सतरा डाव चालतात, अठरावा झाला की के सर्व डावांसाठी ३८ होतो. मे महिन्याच्या सुट्टीत पाठोपाठ स्पर्धा खेळून पंचवीस डाव झाले तर के २८. शिवाय त्या महिन्यातल्या साऱ्या स्पर्धांचा हिशेब त्याच जुन्या रेटिंगवर होतो, कारण यादी महिन्याच्या १ तारखेला एकदाच बदलते. पहिल्या स्पर्धेत ६० गुण चढले तरी दुसऱ्या स्पर्धेत मुलगा १६२०च धरला जातो. फॉर्मात असलेल्या मुलाला हे फायद्याचं पडतं, घसरणीला लागलेल्याला तोट्याचं.

के का बदलता ठेवतात, हे समजलं तर निम्मी काळजी कमी होईल. मोठा के लवकर शिकतो, पण हलतोही फार. समजा मुलाची खरी ताकद रेटिंगपेक्षा १०० गुणांनी वर आहे. बरोबरीच्या खेळाडूंशी खेळत राहिला तर ते अंतर निम्मं व्हायला के ४० असताना सरासरी १२ डाव लागतात, के २० असताना २४, के १० असताना ४८. ही झाली चांगली बाजू. दुसरी बाजू अशी, की ताकद तसूभरही बदलली नाही तरी निव्वळ नशिबाने रेटिंग खऱ्या आकड्याभोवती डोलत राहतं. बरोबऱ्या नाहीत असं धरलं तर त्या डोलण्याचं प्रमाण विचलन के १०ला सुमारे २९, के २०ला ४२ आणि के ४०ला ५९ गुण येतं. बरोबऱ्या असल्या की थोडं कमी. साध्या भाषेत, १६२० लिहिलेल्या मुलाची ताकद १५०० ते १७४०च्या पट्ट्यात कुठेही असू शकते आणि त्यात कोणाचीच चूक नाही.

तुमच्या स्पर्धेला हेच लावून पाहा. एका डावाचा निकाल अपेक्षेभोवती साधारण ०.४ गुणाने हलतो. सहा डावांत, वर्गमुळाच्या नियमाने, एक गुणाच्या आसपास. गुणिले ४०, म्हणजे चाळीस रेटिंग गुण. उणे ३३ हा त्या हेलकाव्याच्या आतच आहे. एका स्पर्धेवरून 'खेळ बिघडला' म्हणून कोच बदलणाऱ्यांनी हा गुणाकार आधी करावा. निदान शेवटचे तीस रेटेड डाव घ्या, प्रतिस्पर्ध्यांची सरासरी काढा, गुणांची टक्केवारी काढा आणि तक्ता उलटा वाचा, म्हणजे टक्केवारीवरून रेटिंगमधला फरक शोधा. तीस डावांवरही उत्तर पन्नासेक गुण इकडेतिकडे होऊ शकतं, पण नऊ फेऱ्यांच्या रडगाण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती आपल्याकडे ठळक दिसते. लहान खेळाडू कमी रेटिंगने यादीत येतात आणि झपाट्याने सुधारतात. रेटिंग मागे, ताकद पुढे. वाटेत ते ज्यांना हरवतात त्यांचे गुण घेऊन जातात. के वेगळा असल्यामुळे देवघेव समसमानही नसते: के ४०चा मुलगा समान रेटिंगच्या के २०च्या काकांना हरवतो तेव्हा त्याला २० मिळतात, काकांचे १० जातात. तरीही मुलांची फौज मोठी असेल तर सर्वांचीच रेटिंग हळूहळू खाली सरकतात. याला रेटिंगची घट म्हणतात. महाराष्ट्रातल्या किंवा तमिळनाडूतल्या खुल्या स्पर्धेत पहिल्या पटांवर बसलेले प्रौढ खेळाडू १४००च्या मुलासमोर सावध होतात ते याचमुळे.

फिडेने १ मार्च २०२४ रोजी यावर उपाय केला. २०००च्या खालच्या प्रत्येकाला एकदाच वाढ दिली: २००० आणि त्याचं रेटिंग यातल्या फरकाचे ४० टक्के. १०००चे १४०० झाले, १२००चे १५२०, १६००चे १७६०, १९००चे १९४०. यादीचा तळ १०००वरून १४००वर आणला. त्याखाली गेलेला खेळाडू अनरेटेड होतो. त्यामुळे २०२४च्या आधीचा आलेख आणि नंतरचा आलेख सलग जोडून 'मार्चमध्ये केवढी झेप घेतली' असं म्हणू नका.

पहिलं रेटिंग देण्याची रीतही तेव्हाच बदलली. रेटेड प्रतिस्पर्ध्यांशी किमान पाच डाव लागतात. ते एकाच स्पर्धेत नसले तरी २६ महिन्यांच्या आतले एकत्र धरतात. पहिल्या स्पर्धेत भोपळा मिळाला तर ती स्पर्धा सोडून देतात. मग त्या डावांत १८०० रेटिंगचे दोन काल्पनिक प्रतिस्पर्धी मिसळतात आणि दोघांशी बरोबरी झाली असं मानतात. उदाहरणार्थ १५००, १५६०, १६१०, १६४० आणि १६९० या पाच जणांशी दोन गुण. जुन्या रीतीने सरासरी १६०० आणि ४० टक्के गुण, म्हणजे १६०० वजा ७२, बरोबर १५२८. आता सात डाव, सरासरी १६५७, गुण तीन, ४३ टक्के, वजा ५०: पहिलं रेटिंग १६०७. थोड्या डावांवर टोकाचं उत्तर येऊ नये म्हणून मध्याकडे ओढायची ही संख्याशास्त्रातली जुनी युक्ती आहे.

'खरं रेटिंग कोणतं' या तुमच्या प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रश्नातच गफलत आहे. एलोच्या सूत्रात फक्त फरक येतो. यादीतल्या सगळ्यांना हजार गुण वाढवून दिले तर एकही भाकीत बदलणार नाही. म्हणजे आकड्याला अर्थ आहे तो एकमेकांशी खेळणाऱ्या त्या समूहातच. समूह तुटला की आकडे भरकटतात. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या तुरुंगात क्लॉड ब्लडगुड नावाचा कैदी होता. कैदी आपसांत खेळत, त्यांना रेटिंग मिळे, सुटून गेलेल्यांच्या जागी नवे येत आणि त्यांचे गुण ब्लडगुडकडे साचत. १९९६ मध्ये त्याचं अमेरिकन रेटिंग २७०२ झालं, देशात दुसऱ्या क्रमांकाचं. जगज्जेत्यांच्या आसपासचा तो खेळाडू नव्हता. बंदिस्त गटात असं होणार, हा इशारा महासंघाला देणाऱ्यांत तो स्वतः होता, ही यातली गंमत.

याचीच उलटी बाजू १९८७ची. महिला प्रामुख्याने आपसांत खेळत असल्यामुळे त्यांचा समूह पुरुषांच्या समूहापासून सुटत चालला आहे, असं ठरवून फिडेने त्या वर्षी जवळपास सर्व महिला खेळाडूंना १०० गुण वाढवून दिले. हंगेरीच्या सुझान पोल्गारला दिले नाहीत, कारण ती आधीपासून पुरुषांशीच खेळत होती. त्या एका निर्णयाने ती महिलांच्या यादीतल्या पहिल्या क्रमांकावरून खाली आली. तेव्हा झालेला वाद समजण्यासारखा आहे. कारण पटण्यासारखं होतं. पण शंभर हा सरसकट आकडा म्हणजे कुऱ्हाडीने पेन्सिल तासणं.

तुमच्या घरातले दोन समूह म्हणजे फिडे क्लासिकल आणि लिचेस. लिचेसवर नवा खेळाडू १५००वर सुरू होतो, आणि रोज लाखो हौशी तिथे खेळतात. फिडेच्या यादीत येण्यासाठी स्पर्धेचं शुल्क भरून, दोन-चार दिवस काढून बसणारेच असतात. दोन्हींचा शून्यबिंदू वेगळा, माणसं वेगळी, वेळमर्यादा वेगळी. 'लिचेसमधून तीनशे वजा करा' अशी सूत्रं फिरतात. ती हजारो लोकांच्या सरासरीला कदाचित लागू पडतील, एका मुलाला नाही.

शिवाय तिथलं यंत्रही वेगळं आहे. मार्क ग्लिकमनने १९९५ मध्ये ग्लिको पद्धत मांडली. चेस डॉट कॉम ती वापरतं, लिचेस तिची पुढची आवृत्ती ग्लिको-२. एलोतली उणीव त्याने नेमकी पकडली: दोन खेळाडू १५००, पण एक दर आठवड्याला खेळणारा आणि दुसरा पाच वर्षांनी पटावर आलेला. दोघांच्या १५००वर सारखाच भरवसा कसा ठेवायचा? म्हणून ग्लिकोत प्रत्येकाला दोन आकडे असतात, रेटिंग आणि त्याची अनिश्चितता. नव्या खेळाडूची अनिश्चितता ३५०. रेटिंगच्या दोन्ही बाजूंना अनिश्चिततेच्या दुप्पट अंतर घेतलं की ९५ टक्के खात्रीचा पट्टा मिळतो. १५०० आणि ५० असेल तर १४०० ते १६००. खेळत राहिलं की अनिश्चितता घटते, खंड पडला की वाढते.

ग्लिकमनचं स्वतःचं उदाहरण बोलकं आहे. खेळाडू १५००, अनिश्चितता २००. तो १४००च्या खेळाडूला (अनिश्चितता ३०) हरवतो, १५५० (१००) आणि १७०० (३००) यांच्याकडून हरतो. नवं रेटिंग १४६४ आणि अनिश्चितता १५१.४. ज्याचं रेटिंग डळमळीत, त्याच्याविरुद्धच्या निकालाला वजन कमी. इथे एकाने कमावलेले आणि दुसऱ्याने गमावलेले गुण सारखे असायची गरजच नाही. मुलगा परीक्षा संपवून दोन महिन्यांनी लॉग-इन करतो आणि पहिल्याच डावात नेहमीपेक्षा जास्त गुण उडतात, त्याचं कारण हेच. लिचेसवर रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह दिसतं तेव्हा अनिश्चितता ११०च्या वर आहे असं समजा आणि तो आकडा कोणाला सांगू नका.

संघाने खेळायच्या गेममध्ये अडचण वेगळी: चौघे जिंकले, श्रेय कोणाचं? मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक्सबॉक्ससाठी केलेल्या ट्रूस्किलमध्ये संघाची ताकद म्हणजे सदस्यांच्या ताकदीची बेरीज मानतात. प्रत्येकाची सुरुवात सरासरी २५ आणि अनिश्चितता ८.३३ने. पडद्यावर दाखवायचा आकडा मात्र सरासरी वजा अनिश्चिततेची तिप्पट, म्हणजे नवख्याला शून्य. दोन नवखे एकास एक खेळले तर जिंकणारा २९.४वर जातो, हरणारा २०.६वर, आणि दोघांची अनिश्चितता ७.१७वर येते. दाखवायच्या आकड्यात पाहिलं तर जिंकणारा ७.९वर चढतो आणि हरणारा शून्याखाली एक गुणसुद्धा जात नाही. पहिल्या पन्नास डावांत चढता आलेख दिसतो तो बराचसा या घटणाऱ्या अनिश्चिततेचा. त्याला प्रगती समजू नये.

ऑनलाइन गेममधल्या 'रँक'ला यात बसवू नका. लीग ऑफ लेजंड्स या गेमने २०१३ मध्ये उघडं एलो काढून टप्पे आणले आणि जोड्या लावण्यासाठीचा खरा आकडा पडद्याआड ठेवला. बीजीएमआय या मोबाइल गेममधले ब्राँझपासून कॉन्कररपर्यंतचे टप्पे हंगामागणिक खाली ढकलले जातात आणि भरपूर खेळून, टिकून राहून पुन्हा चढता येतात. तिथे चिकाटी मोजली जाते, कौशल्य अंशतः. आणि 'गेम मला मुद्दाम पन्नास टक्क्यांवर अडकवतो' या तक्रारीत मुद्दामपणा शोधायची गरज नाही: समान ताकदीचा प्रतिस्पर्धी शोधून देणाऱ्या कुठल्याही यंत्रात सगळ्यांचं प्रमाण पन्नासकडेच जाणार. तेच त्याचं काम आहे.

लबाडीही दोन दिशांनी होते. ऑनलाइन तगडा खेळाडू नवं खातं उघडून नवख्यांना झोडपतो. पटावर उलट: 'बिलो १६००' सारख्या स्पर्धांत बक्षिसाची रक्कम मोठी असते, म्हणून कोणी आधीच्या लहान स्पर्धेत गुण मुद्दाम सांडतो. के ४० असेल तर समान खेळाडूंकडून पाच हारी म्हणजे सुमारे १०० गुण खाली. आयोजकांसाठी उपाय सोपा: आजचं रेटिंग न बघता मागच्या एक-दोन वर्षांतलं सर्वोच्च रेटिंग ही अट ठेवावी.

पंचांना विचारायचं असेल तर आधी फिडेच्या संकेतस्थळावर मुलाचं प्रोफाइल उघडून हिशेबाचा भाग पाहा. तिथे प्रत्येक स्पर्धेतला प्रत्येक डाव, प्रतिस्पर्ध्याचं रेटिंग, के आणि बदल दिलेला असतो. चार गोष्टी ताडून घ्या: के ४०च आहे ना (जन्मवर्ष चुकीचं नोंदलं गेलं तर तो चुकतो), प्रतिस्पर्ध्यांची रेटिंग स्पर्धा सुरू होतानाच्या यादीतली आहेत ना, एखादा निकाल उलटा चढला नाही ना, आणि न खेळलेली फेरी हिशेबात आली नाही ना. दोघांनी एकेक खेळी केली असेल तर डाव धरला जातो. प्रतिस्पर्धी आलाच नाही तर नाही. चूक सापडलीच तर मुख्य पंचांकडे, आणि त्यांच्यामार्फत राष्ट्रीय महासंघाच्या रेटिंग अधिकाऱ्याकडे. तुमच्या बाबतीत चारही मुद्दे बरोबर दिसतात.

राहता राहिला आठव्या फेरीतला तो १४१५चा मुलगा. त्याचं प्रोफाइल सहा महिन्यांनी पुन्हा बघा. तो १६०० झालेला दिसला, तर त्या दिवशीही त्याची ताकद तेवढीच असण्याची शक्यता बरीच. तसं धरलं तर अपेक्षा ०.७६ ऐवजी ०.५३ असती आणि ३०.४ ऐवजी २१ गुण गेले असते. फिडे मागे जाऊन हे दुरुस्त करत नाही. यादी एकदा लागली की लागली. मागचे सगळे डाव नव्या माहितीवर पुन्हा तोलणाऱ्या पद्धती आहेत. रेमी कुलों यांनी २००८ मध्ये मांडलेली, खेळाडूचा संपूर्ण इतिहास एकत्र सोडवणारी पद्धत 'गो' या खेळात वापरलीही जाते. पण तिथे तुम्ही एकही डाव न खेळता तुमचं गेल्या वर्षीचं रेटिंग बदलू शकतं, आणि ते भरलेल्या सभागृहात पालकांना समजावून सांगायची तयारी अजून कुठल्या बुद्धिबळ महासंघाने दाखवलेली नाही.